लिडोवरील चित्र-महोत्सव आणि 'संत तुकाराम'

व्हेनिस शहर आणि खुला एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्यें लिडो नांवाचें एक लांबट, चिंचोळें बेट आडवें पडलेलें आहे. त्याच्या समुद्राकडील किनाऱ्यावर १९०८ सालीं एक्सेल्सियर नांवाचें भव्य हॉटेल उभें राहिलें. या हॉटेलच्या गच्चीवर ६ ऑगस्ट १९३२ रोजीं रात्रीं सव्वानऊ वाजतां रूबेन मामूलियन या दिग्दर्शकाचा 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' हा अमेरिकन बोलपट सुरू झाला, आणि त्याबरोबरच जगांतील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवहि सुरू झाला. पांच वर्षांनीं त्याच बेटावर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' दाखविला गेला. त्यानंतर एका वर्षाच्या आंत त्या महोत्सवाची अब्रू गेली. 'तुकाराम'ला व्हेनिसला मान मिळाला, हें वाक्य महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानें उच्चारलें गेलें आहे. परंतु तो मान कोणी दिला, कोणत्या पंक्तींत बसवून दिला, आणि त्या पंक्तींत दुसरें कोण बसलें होतें, याची चौकशी सहसा होत नाहीं. ती करावयाची तर लिडोवरील कार्यक्रमपत्रिकाच उघडून पाहिली पाहिजे.

महोत्सव म्हटला म्हणजे कलेची हौस डोळ्यांपुढें येते. लिडोवरील उपक्रमाच्या मुळाशीं हौस होती, तसा हिशेबहि होता. व्हेनिसमध्यें १८९५ पासून दर दोन वर्षांनीं चित्र-शिल्पकलेचें एक मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरत असे. त्याला बिएनाले, म्हणजे द्वैवार्षिक, असेंच नांव आहे. १९३० सालीं हें प्रदर्शन नगरपालिकेच्या हातून काढून राजाज्ञेनें एका स्वायत्त संस्थेकडे सोंपविण्यांत आलें. अर्थात्‌ स्वायत्तता नांवाची, सूत्रें फासिस्ट सरकारच्या हातीं. संस्थेचे अध्यक्ष झाले काउंट जुझेप्पे वोल्पी. हे गृहस्थ वीज-कंपन्यांचे धनी, त्रिपोलितानिया या आफ्रिकेंतील वसाहतीचे एके काळचे गव्हर्नर, मुसोलिनीच्या मंत्रिमंडळांतील माजी अर्थमंत्री. आणि जिच्याकडे व्हेनिस व लिडो येथील मोठीं हॉटेलें होतीं त्या कंपनीचेहि सूत्रधार. १९२९ नंतरच्या मंदीनें युरोप-अमेरिकेंतील धनिक प्रवाशांची वर्दळ ओसरली होती. त्यांना ऑगस्ट महिन्यांत लिडोवर पुन्हां खेंचून आणील असें कांहीं तरी वोल्पींना हवें होतें.

त्यांच्या जोडीला बिएनालेचे सचिव, शिल्पकार अंतोनियो माराइनी हे होतेच. पण चित्रपटांची खरी जाण असलेले गृहस्थ म्हणजे लुचानो दे फेओ. राष्ट्रसंघाच्या आश्रयाखालीं रोम येथें शैक्षणिक चित्रपटांची एक आंतरराष्ट्रीय संस्था चालत असे, तिचे हे संचालक. देशोदेशींच्या चित्रसृष्टीशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि चित्रपट ही राष्ट्राराष्ट्रांमधील परिचयाची भाषा आहे अशी त्यांची श्रद्धा होती. हॉटेलचा धंदा, फासिस्ट राजवटीची प्रतिष्ठा आणि राष्ट्रसंघाचा आदर्शवाद हे तीन प्रवाह एकत्र येऊन लिडोवरील पडदा उजळला. यांपैकीं कोणता प्रवाह वरचढ ठरणार, याचें उत्तर मिळावयास सहा वर्षें लागलीं.

पहिल्या वर्षीं मात्र दे फेओ यांचा हात वर होता, असें कार्यक्रमावरून दिसतें. अमेरिका, सोव्हिएट रशिया, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हॉलंड आणि यजमान इटली अशा नऊ देशांचे चित्रपट ६ ते २१ ऑगस्टच्या दरम्यान दाखविले गेले. त्यांतील वैविध्य आजहि आश्चर्य करण्यासारखें आहे. एका रात्रीं हॉलिवुडचें 'ग्रँड हॉटेल', त्यांत ग्रेटा गार्बो. दुसऱ्या रात्रीं जेम्स व्हेल यांचा 'फ्रँकेन्स्टाइन', त्यांत बोरिस कार्लोफचा तो प्रेतमय राक्षस. त्याच पडद्यावर युक्रेनमधील एका खेड्यांत सामुदायिक शेती येते तेव्हां काय घडतें तें सांगणारा दोव्झेन्कोचा 'भूमि' हा मूकपट. त्याच पडद्यावर लिओन्टीन सागान या बाईंनीं दिग्दर्शित केलेला 'गणवेषांतील मुली' हा जर्मन बोलपट, ज्यांत प्रशियन शिस्तीच्या वसतिगृहांतील एका कोवळ्या मुलीची घुसमट आहे. इटलीतर्फे मारिओ कामेरिनी यांची एक हलकीफुलकी प्रेमकथा होती. तिचा नायक व्हित्तोरिओ दे सिका नांवाचा तरुण गाणारा नट. या नटाचें नांव पुढें दुसऱ्या संबंधांत येणार आहे. त्याचप्रमाणें लेनी रीफेन्श्टाल या जर्मन नटीनें दिग्दर्शिलेला पहिला चित्रपट, 'निळा प्रकाश', हाहि त्याच वर्षीं लिडोवर आला. तिचेंहि नांव पुढें येणार आहे. पण तें वेगळ्या कारणासाठीं.

या पहिल्या वर्षीं स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, पेले नव्हते. प्रेक्षकांच्या हातीं मतपत्रिका देण्यांत आल्या आणि त्यांनीं आपली आवड नोंदविली. सर्वांत मनोरंजक चित्रपट म्हणून रेने क्लेअर यांच्या 'स्वातंत्र्य आम्हांला' या फ्रेंच चित्रपटास पसंती मिळाली. तुरुंगांतून पळालेला एक कैदी कारखानदार होतो आणि त्याचा कारखाना पुन्हां तुरुंगासारखाच दिसूं लागतो, अशी त्याची गंमतीची पण बोंचरी कथा. उत्कृष्ट दिग्दर्शक ठरला निकोलाय एक्क हा रशियन. त्याच्या 'जीवनाचा मार्ग' या बोलपटांत यादवी युद्धानंतर रस्त्यावर आलेल्या अनाथ, चोरट्या मुलांना श्रमांच्या वसाहतींत माणूस म्हणून उभें केलेलें दाखविलें आहे. फासिस्टांच्या राज्यांत, कोट्याधीशांच्या हॉटेलांत, मतदानानें एक बोल्शेव्हिक दिग्दर्शक पहिला यावा, हा योग इतिहासांत वारंवार येत नाहीं.

परंतु येथेंच एक गोष्ट विसरतां कामा नये. हें मतदान करणारे कोण? लिडोवर उतरूं शकणारे. ज्या सोव्हिएट चित्रपटांना इटलीच्या सामान्य चित्रगृहांत सहसा शिरकाव नव्हता, ते लिडोच्या गच्चीवर निर्धास्तपणें दाखविले जात. कारण तेथें पाहणाऱ्यांच्या मनांत कसलीहि चळवळ उत्पन्न होण्याची भीति नव्हती. विचारांचें स्वातंत्र्य हें समुद्रस्नानाबरोबर पाहुण्यांस मिळणारें एक सुख होतें. सरकारला हें परवडणारें होतें, किंबहुना सोयीचें होतें. आमच्या राजवटींत कलेला बंधन नाहीं, असें जगाला दाखविण्यास याहून स्वस्त मार्ग तो कोणता? तरीहि सुमारें २५,००० प्रेक्षकांनीं त्या पंधरवड्यांत हे चित्रपट पाहिले, आणि त्यांत जे थोडे खरे रसिक व धंद्यांतले लोक होते त्यांच्या मनांत एक कल्पना रुजली: नाटक, संगीत, शिल्प यांच्याप्रमाणें चित्रपटालाहि एका ठिकाणीं, एका पंक्तींत बसवून पारखतां येतें.

दुसरा महोत्सव भरला १९३४ सालीं, आणि तेव्हांपासून पेले आले. सर्वांत मोठ्या पेल्याला मुसोलिनीचें नांव. त्या वर्षीं परदेशी चित्रपटाचा हा पेला रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या 'अरानचा माणूस' या चित्रपटाला मिळाला. आयर्लंडच्या पश्चिमेस अटलांटिकच्या लाटा झेलणाऱ्या उघड्या बेटावर कोळ्यांचें एक कुटुंब खडकावर शेवाळ आणि माती पसरून बटाटे कसें पिकवितें, याचें तें चित्रण. त्यांतील प्रचंड शार्क माशाची शिकार बेटावर केव्हांच बंद पडली होती आणि चित्रपटासाठीं ती कोळ्यांना नव्यानें शिकवावी लागली, ही गोष्ट पुढें उघड झाली. माहितीपटांतील सत्याविषयीं जो वाद आजहि चालू आहे, त्याचें तें एक जुनें उदाहरण आहे. याच वर्षीं चेकोस्लोव्हाकियाच्या 'उन्माद' या चित्रपटानें मोठी खळबळ उडविली. त्यांतील हेडी कीस्लर ही नटी, जी पुढें हॉलिवुडमध्यें हेडी लामार झाली, विवस्त्र पोहतांना दिसते. व्हॅटिकनकडून निषेध झाला आणि त्यामुळें महोत्सवाची प्रसिद्धि कितीतरी पटींनीं वाढली. खळबळ हीहि महोत्सवाला लागणारी एक सामग्री आहे, हें व्यवस्थापकांच्या ध्यानांत तेव्हांपासून आलें असावें. हिंदुस्थानचें नांवहि प्रथम याच वर्षीं कार्यक्रमांत आलेलें दिसतें. कलकत्त्याच्या देवकी बोस यांचा 'सीता' हा बोलपट तेथें दाखविला गेला.

१९३५ पासून महोत्सव दरवर्षीं भरूं लागला आणि नटनट्यांसाठीं वोल्पी यांच्या नांवाचे पेले सुरू झाले. त्याच वर्षीं रीफेन्श्टालबाईंच्या 'इच्छाशक्तीचा विजय' या, न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्याचें स्तोत्र गाणाऱ्या चित्रपटास माहितीपटांत पारितोषिक मिळालें. १९३६ सालीं प्रथमच आंतरराष्ट्रीय परीक्षक-मंडळ नेमण्यांत आलें. मंडळ आंतरराष्ट्रीय, पेल्यावरचें नांव मात्र यजमानाच्या हुकूमशहाचें, अशी ती व्यवस्था होती.

१९३७ सालीं गच्ची सोडून महोत्सव स्वतःच्या वास्तूंत आला. लुइजी क्वाल्याता या स्थापत्यकारानें बांधलेल्या चित्रपट-प्रासादाचें १० ऑगस्ट रोजीं उद्घाटन झालें, आणि ३ सप्टेंबरपर्यंत कार्यक्रम चालले. प्रारंभीं दाखविला गेला झुलियाँ द्यूव्हिव्हिए यांचा 'नृत्याची वही'. एक विधवा आपल्या पहिल्या नृत्यसमारंभांतील जुन्या जोडीदारांना एकेक करून शोधीत जाते, अशा त्या हुरहुर लावणाऱ्या फ्रेंच चित्रपटासच पुढें परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी-पेला मिळाला. इटालियन चित्रपटाचा पेला मिळाला 'सिपिओ आफ्रिकानुस' या अवाढव्य ऐतिहासिक चित्रपटाला. रोमचा सेनापति आफ्रिकेंत जाऊन कार्थेजचा निःपात करतो, ही कथा. आदल्याच वर्षीं इटलीनें ॲबिसीनिया गिळंकृत केला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची ही कथा त्याच वेळीं कां आठवली याचा उलगडा होतो. चित्रपटाला सरकारचा पैसा होता; सैन्याच्या तुकड्या होत्या; हत्ती होते.

याच सभागृहांत, याच उन्हाळ्यांत, 'संत तुकाराम' दाखविला गेला.

हा चित्रपट कसा झाला तें महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरी थोडें सांगणें अवश्य आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत शिकून तयार झालेले. व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी काढली आणि १९३३ सालीं ती पुण्यास नेली. दामले यांचा हात यंत्रांत, ध्वनिमुद्रणांत. फत्तेलाल यांची दृष्टि चित्रकाराची. दोघेहि अबोल. शिवराम वाशीकर यांची कथा, केशवराव भोळे यांचें संगीत, आणि तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजलेले गायक नट. जिजाईचें काम करणारी गौरी ही तर स्टुडिओंत किरकोळ कामावर लागलेली बाई. पण तिच्यावांचून हा चित्रपट उभाच राहिला नसता. १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत तो लागला आणि तेथें ५७ आठवडे चालला. खेड्यापाड्यांतून माणसें चित्रपटास नव्हे तर दर्शनास आल्याप्रमाणें येत. शांताराम आठवले यांनीं त्यासाठीं रचलेलें एक पद लोकांनीं तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलें. कवीला याहून मोठी पावती मिळत नसते.

आतां हाच चित्रपट लिडोवर, मराठीचा एक शब्दहि न कळणाऱ्या प्रेक्षकांपुढें, ठेवून पाहावा. त्यांना अभंगाचा अर्थ कळला नसेल, वारकरी म्हणजे काय तें कळलें नसेल. पण घरांत दाणा नाहीं, पोर तापलें आहे आणि नवरा भजनांत दंग आहे, म्हणून पायांतली वहाण हातांत घेऊन देवळांत विठोबाला जाब विचारण्यास निघालेली बाई कळण्यास कोणत्या भाषेची गरज आहे? चित्रपटाचें सारें बळ या जोडींत आहे. तुकोबा आकाशाकडे पाहतात, जिजाई चुलीकडे पाहते. आणि दिग्दर्शक दोघांवरहि सारखीच माया करतात. चमत्कार आहेत, धान्याचा पाऊस आहे, वैकुंठाचें विमानहि आहे. परंतु लक्षांत राहतें तें शेणामातीचें अंगण, म्हैस, दोन पोरें आणि बाईचा तोंडाचा पट्टा. शिवाजीमहाराजांकडून आलेले जडजवाहीर तुकोबा परत पाठवितात, आणि ज्या घरांत दुसऱ्या दिवसाची भाकरी नाहीं त्या घरांतून सोनें परत जात असतांना जिजाईच्या चेहऱ्यावर जें दिसतें, तें 'सिपिओ'च्या सगळ्या हत्तींना मिळून दाखवितां आलें नाहीं.

राजाचें दान नाकारणाऱ्या संताच्या चित्राला राजसत्तेच्या दरबारांत शाबासकी मिळाली, ही गोष्ट विचित्र खरी. पण ती शाबासकी नेमकी कोणती? 'जगांतील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकीं एक' असें आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षींच्या पारितोषिकांची यादी पाहिली तर मोठे पेले इतरांकडे गेलेले दिसतात. 'संत तुकाराम'चें नांव विशेष उल्लेखाच्या सदरांत येतें. तीन सर्वोत्कृष्टांची कथा सांगणारे ज्या इतर दोन चित्रपटांचीं नांवें घेतात तेहि एक हंगेरीचा, दुसरा ऑस्ट्रेलियाचा. म्हणजे ज्यांचा बोलबाला नव्हता अशा चित्रसृष्टींतून आलेले. मोठ्या राष्ट्रांना पेले वांटून झाल्यावर लहानांना मानपत्र द्यावें, असा तो शिष्टाचार असावा. मान खोटा नव्हे. पण सांगतां सांगतां तो फुगविला गेला. आणि खरें पाहतां तो फुगविण्याची गरज नव्हती. परक्या भाषेच्या, कोणत्याहि सरकारचा वशिला नसलेल्या, हिंदुस्थानांतून आलेल्या एका भक्तिपर चित्रपटाची परीक्षकांना दखल घ्यावीशी वाटली, एवढी गोष्टच पुरेशी मोठी आहे. दामले-फत्तेलाल स्वतः व्हेनिसला गेले नव्हते. त्यांना हें वृत्त कळलें तें वर्तमानपत्रांतून, असें सांगतात.

पेला आणि योग्यता यांची फारकत त्याच वर्षीं दुसऱ्या एका चित्रपटानें अधिक स्पष्ट केली. झाँ रन्वार यांचा 'महाभ्रम' त्या कार्यक्रमांत होता. पहिल्या महायुद्धांत जर्मनांच्या कैदेंत पडलेले फ्रेंच अधिकारी, आणि शत्रूशत्रूंमधील माणुसकी, हा त्याचा विषय. कामगार, सरदार, ज्यू, जर्मन सेनापति, सर्वांना त्यांत सारखा न्याय आहे. हा त्या उन्हाळ्यांतील सर्वांत थोर चित्रपट होता, याविषयीं आज फारसा मतभेद नाहीं. युद्धाचें गौरव गाणाऱ्या राजवटीचा मुख्य पेला त्याला देणें शक्य नव्हतें. तेव्हां परीक्षकांनीं दुसरें एक पारितोषिक देऊन आपली लाज राखली. नाझी जर्मनीनें या चित्रपटावर बंदी घातली, आणि इटलींतहि पुढें तो लोकांना पाहूं दिला गेला नाहीं. १९३२ सालीं लिडोवर जें चालत असे तें पांच वर्षांत इतकें आकुंचित झालें होतें. १९३७ च्या अखेरीस इटलीनें राष्ट्रसंघ सोडला. दे फेओ यांची ती रोममधील संस्थाहि संपली.

१९३८ सालीं उरलासुरला पडदा दूर झाला. परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी-पेला रीफेन्श्टाल यांच्या 'ऑलिंपिया' या, १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांवरील माहितीपटाला देण्यांत आला. इटालियन पेला 'वैमानिक लुचानो सेर्रा' या चित्रपटाला, ज्याच्या निर्मितीवर देखरेख होती खुद्द मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरिओची. 'ऑलिंपिया'मधील छायाचित्रणाचें कौशल्य कोणीहि नाकारीत नाहीं; परंतु निकाल कलेच्या कसोटीवर लागला नव्हता हें उपस्थितांना कळून चुकलें. इंग्रज आणि अमेरिकन परीक्षक निषेध करून निघून गेले. फ्रान्सचे प्रतिनिधि फिलिप एर्लांजे त्या रात्रीं आगगाडींतून परततांना विचार करीत होते कीं, जेथें असा दाब चालणार नाहीं अशा एखाद्या स्वतंत्र देशांत दुसरा महोत्सव कां भरवूं नये? शिक्षणमंत्री झाँ झे यांनीं ती कल्पना उचलून धरली. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कान हें गांव ठरलें. सिनेमाचे जनक लुई ल्यूमिएर यांनीं अध्यक्षपद पत्करलें. तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९.

त्या महोत्सवाचा आंखलेला कार्यक्रम वाचतांना मन विषण्ण होतें. 'ओझचा जादूगार', सेसिल डिमिल यांचा 'युनियन पॅसिफिक', इंग्लंडचा 'चार पिसें', रशियाचा 'लेनिन १९१८ सालीं'. सर्व राष्ट्रांना निमंत्रण, सर्वांना सारखा मान. हॉलिवुडचे नटनटी खास आगबोटीनें येऊन पोंचले होते. 'नोत्रदामचा कुबडा' या चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं समुद्रकांठीं नोत्रदाम मंदिराची पुठ्ठ्याची प्रतिकृति उभारली होती. तो एकच चित्रपट दाखविला गेला. १ सप्टेंबर रोजीं जर्मन सैन्य पोलंडमध्यें घुसलें, पाहुणे मिळेल त्या गाडीनें परतले आणि महोत्सव रद्द झाला. झाँ झे यांना पुढें व्हिशी सरकारनें तुरुंगांत टाकलें. १९४४ च्या जूनमध्यें फ्रेंच फासिस्टांच्या सशस्त्र दलानें त्यांना तेथून बाहेर नेऊन ठार मारलें. आपण कल्पिलेला महोत्सव त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

तो भरला २० सप्टेंबर १९४६ रोजीं, कानच्या नगरपालिकेच्या कॅसिनोंत. व्यवस्था इतकी घाईची कीं हिचकॉक यांच्या 'नोटोरियस' या रहस्यपटाचीं रिळें उलटसुलट क्रमानें लागलीं. रहस्यपटावर याहून मोठा घाला तो कोणता! पण त्या वर्षींच्या निकालांत युद्धानंतरचा एक शहाणपणा दिसतो. एकच विजेता न निवडतां अकरा देशांच्या अकरा चित्रपटांना सर्वोच्च पारितोषिक वांटून देण्यांत आलें. त्यांत इटलीचा, रोसेल्लिनी यांचा 'रोम, खुलें शहर' होता. त्याच वोल्पींच्या आणि मुसोलिनीच्या देशांतला, पण नाझींच्या छळाची कहाणी सांगणारा. आणि त्यांतच चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. उंचावर राहणारा धनिक आपलें गटाराचें पाणी खालच्या वस्तींत सोडतो, आणि त्या वस्तीला रोगानें ग्रासलें म्हणजे तिची एकजूट कशी होते, अशी ही कथा. रविशंकर यांच्या संगीताचा आणि कामिनी कौशल यांच्या अभिनयाचा तो पहिला चित्रपट. कानमध्यें गौरव झालेला हा चित्रपट हिंदुस्थानांतील चित्रगृहांत मात्र धडपणें लागला नाहीं. 'तुकाराम'ची स्थिति बरोबर याच्या उलट होती; त्याला व्हेनिसनें ओळखण्यापूर्वींच देहू-आळंदीच्या वाटेवरच्या माणसांनीं ओळखलें होतें.

मुंबईंत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजीं सुरू झाला. तेथून तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्ता येथें गेला. तेवीस देश, चाळीस कथापट, सुमारें शंभर लघुपट. आणि १९३२ च्या लिडोप्रमाणेंच स्पर्धा नाहीं, पेले नाहींत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, कीं येथें पाहणारे हॉटेलचे पाहुणे नव्हते. तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते, आणि त्यांच्यांत मुंबईच्या स्टुडिओंतील दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार बसले होते. भारतीय चित्रपटांत 'आवारा' होता, शांताराम यांचा मराठी 'अमर भूपाळी' होता. रशियाचा 'बर्लिनचा पाडाव' होता, जपानचा चित्रपट होता. आणि लिडोवर वीस वर्षांपूर्वीं गाणें गाणारा जो तरुण नट दिसला होता, त्याच दे सिकानें दिग्दर्शित केलेला 'सायकल-चोर' होता. भाड्याचे स्टुडिओ-देखावे नाहींत, धंदेवाईक नट नाहींत. रोमच्या रस्त्यावर चोरीस गेलेली एक सायकल आणि ती शोधणारे बापलेक. बिमल रॉय यांच्यावर त्याचा परिणाम झाला आणि १९५३ सालीं 'दो बिघा जमीन'मध्यें कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शेतकरी आला. त्याच वर्षीं पुण्यांत प्रभातचा स्टुडिओ बंद पडला. दामले १९४५ सालींच वारले होते.

महायुद्धानंतर व्हेनिसचा महोत्सवहि पुन्हां उभा राहिला होता. मुसोलिनीचें नांव अर्थातच गेलें आणि पुढें पेल्याच्या जागीं सुवर्णसिंह आला. १९५७ सालीं, 'तुकाराम' जेथें दाखविला गेला त्याच प्रासादांत, सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला तो सुवर्णसिंह देण्यांत आला. जपानचे कुरोसावा आणि इटलीचे व्हिस्कोंती यांचे चित्रपट त्या वर्षीं स्पर्धेंत होते. आणि निकाल देणाऱ्या परीक्षक-मंडळाच्या अध्यक्षस्थानीं होते रेने क्लेअर, ज्यांच्या चित्रपटाला १९३२ सालीं एक्सेल्सियरच्या गच्चीवरील प्रेक्षकांनीं मतपत्रिका भरून पसंती दिली होती.